मदत हवी आहे: केवळ ऐकून समजेल असे बॉक्सिंगचे समालोचन

मी इंदूरला राहतो. तरुणपणी स्वतः बॉक्सिंग खेळलेल्या माझ्या काकांची दृष्टी आता जवळजवळ गेली असल्यामुळे त्यांना लढती फक्त ऐकाव्या लागतात, आणि म्हणूनच समालोचक कसा आहे हा आमच्या घरी फार महत्त्वाचा प्रश्न झाला आहे.

२२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातील किंग्स्टनमध्ये बॉक्सर जॉर्ज फोरमनने प्रतिस्पर्धी जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. त्या लढतीतले समालोचक हॉवर्ड कोसेल यांचे ‘डाउन गोज फ्रेझर’ (फ्रेझर खाली पडला) ऐकताना काका आजही खुर्चीत पुढे सरकतात आणि त्यांच्या मुठी आपोआप वळतात. तरीही माझ्या मते कोसेल अनेकदा खेळापेक्षा स्वतःकडेच अधिक लक्ष वेधून घेत. २०१८ पर्यंत एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर समालोचन करणारे जिम लॅम्पली मला अधिक आवडतात, कारण ठोसा कोणी मारला आणि तो डोक्यावर बसला की बरगड्यांवर, हे ते त्या क्षणीच सांगत. बीबीसीचे समालोचक हॅरी कारपेंटर यांचा संयमही काकांना भावतो.

सर्वांत वाईट समालोचक मी त्याला म्हणेन, जो फेरी चालू असताना भलत्याच गप्पा मारतो किंवा एकाच खेळाडूचे ठोसे मोजत राहतो. परवा अशाच एका प्रक्षेपणात मध्येच काकांनी विचारले, “अरे, लढत थांबली का?”

नुसते ऐकून चित्र उभे राहील अशा इंग्रजी किंवा हिंदी समालोचनाच्या लढती आपण कृपया समालोचकाच्या नावासह सुचवाव्यात, आणि कोणाला टाळावे हेही कारणासह कळवावे, ही विनंती.