पोलिसांना कळत नाही ते पुस्तकवालीला कसं कळतं?

सायली_वाचते:
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून रोज रात्री तिला वाचून दाखवते. "मारामारी, रक्त नको बाई," म्हणाली. मग इंग्लंडमधल्या खेड्यातली रहस्यकथा घेतली. एक म्हातारी मावशी मरते, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानाची मालकीण छडा लावते. मी वाचता वाचता मराठीत सांगते. काल आईने मध्येच थांबवलं, "पोलिसांना कळत नाही ते पुस्तकं विकणारीला कसं कळेल गं?" हे पटण्यासारखं आहे का?

वायकाठचा:
आईंना सांगा, नक्की कळतं. मी हेरफर्डला राहतो, हे-ऑन-वाय इथून जवळ, वेल्सच्या हद्दीत. गाव एवढंसं, पण जिकडे बघाल तिकडे जुन्या पुस्तकांची दुकानं. रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकात हा उद्योग सुरू केला आणि १ एप्रिल १९७७ला स्वतःला गावाचा राजा जाहीर केलं! किल्ल्यापाशी उघड्यावरच फळ्या आहेत. पुस्तक घ्यायचं, पैसे पेटीत टाकायचे.

आता मुद्दा. जुनी पुस्तकं येतात कुठून? घरातलं कुणी गेलं, घर विकायला काढलं, की खोकी दुकानात येतात. मी तिथून पक्ष्यांवरचं एक पुस्तक घेतलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत बाईचं नाव आणि 'नाताळ १९५३'. ते नाव खोडून खाली दुसऱ्याच अक्षरात पुरुषाचं नाव. आत बसचं तिकीट, कोपऱ्यात दुकानदाराने पेन्सिलने घातलेली किंमत. दुकानातल्या आजोबांनी ते अक्षर पाहून घर कुठलं ते सांगितलं. कुणाचं अक्षर कसं, कुणी काय विकलं, कधी विकलं, हे अशा माणसाच्या डोक्यात पक्कं असतं. पोलीस त्या घरात पहिल्यांदा शिरतात ते खून झाल्यावर.

वाईची_मृणाल:
आमच्याकडचं भिलार, 'पुस्तकांचं गाव', हे-ऑन-वायवरूनच सुचलं, मे २०१७मध्ये सुरू झालं. पण तिथे पुस्तकं विकत नाहीत, लोकांच्या घरांत बसून वाचायची. तिथे अशी गोष्ट घडवायची तर छडा घरच्या काकूंनीच लावायला हवा. कोण आलं, किती वेळ बसलं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर.

सायली_वाचते:
वायकाठचा, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. पट्टी लावलेली, तशीच उठून बसली. म्हणाली, "अगं, मग तिसऱ्या प्रकरणात भाचा पुस्तकांची खोकी विकायला आणतो ना, तेव्हा मावशी जिवंत होती की!"