रानात अडकलो तर: आधी सामान की आधी सराव?

घाटवाट (सातारा) – धागाकर्ता

मृग जवळ आला की आमच्या भटक्यांच्या गटात एकच विषय निघतो: कोणती सॅक घेतलीस, कोणता चाकू मागवलास, तो आग पेटवायचा गज कितीला पडला. म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे. डोंगरात अचानक रात्र काढायची वेळ आली तर हाताला वळण असलेलंच काम उपयोगी पडतं. वेष्टनात तशीच पडलेली वस्तू त्या रात्री कामाला येत नाही. तेव्हा यंदा नवीन काही घेऊ नका. आहे त्या सामानानिशी पावसातली एक रात्र आपल्याच शेतात, परसात नाहीतर गच्चीवर काढून बघा आणि मग काय घ्यायचं ते ठरवा.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये भाच्याला घेऊन चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. गाडी पवनचक्क्यांच्या रस्त्याला लावली आणि दोन तासांत परत येऊ म्हणून निघालो. साडेपाचला धुकं उतरलं. ते पठार जांभ्याचं, सपाट. पायाला उतार लागतच नाही, त्यामुळे दिशा कशावरून धरायची? पवनचक्क्यांची पाती फिरताना ऐकू येत होती, पण आवाज चारी बाजूंनी. तासभर चाललो आणि आमच्याच पावलांच्या खुणांवर परत आलो. तेव्हा मात्र थांबलो.

पाठीवर सगळं होतं. ताडपत्रीच्या पुडक्यावर किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. खुंट्या ठोकायला गेलो तर जांभ्यात बोटभरही जाईनात, दोन वाकल्या. चंदेरी ब्लँकेटला, म्हणजे त्या चकचकीत पातळ आणीबाणीच्या पांघरुणाला, घडीवर बारीकशी चीर गेली आणि पुढच्या झोतात ते उभं फाटलं. गजाच्या ठिणग्या छान पडत होत्या, पण गवत, काटक्या, सगळंच निथळत होतं. अंधारात गाठी मारल्या त्या सगळ्या निरगाठी. ताडपत्री सोडवताना गारठलेल्या बोटांनी एकही सुटली नाही, दोरी कापावी लागली. शेवटी एका तालीच्या आडोशाला सॅकवर बसलो आणि ताडपत्री डोक्यावरून नुसती ओढून घेतली. रात्री एकच्या सुमाराला भाच्याचं बोलणं जड झालं. अंगातला भिजका सुती शर्ट काढून त्याला माझा कोरडा लोकरी स्वेटर घातला, गूळ-शेंगदाणे चारले, पाठीला पाठ लावून बसलो. उजाडलं तेव्हा रस्ता दोनशे पावलांवर होता.

त्या रात्री माझ्याकडे जवळजवळ आठ हजारांचं सामान होतं आणि त्यातलं काहीच मी आधी वापरलेलं नव्हतं.

सह्यवेडा (कराड)

दादा, दोघेही सुखरूप आलात हे महत्त्वाचं. पण हाच प्रसंग वाचून मी अगदी उलट्या मुक्कामाला पोचलो. भाचा गारठला तो सुती शर्टामुळे आणि आडोसा तकलादू होता म्हणून. कितीही सराव केला तरी भिजलेलं सूत ऊब देत नाही. वारा, पाऊस आणि ओले कपडे एकत्र आले की पंधरा-सोळा अंशांतही शरीराचं तापमान उतरतं, त्याला बर्फ लागत नाही. तिथे माणसाला वाचवतं ते योग्य सामान. म्हणजे दोष खरेदीत नव्हता, चुकीच्या खरेदीत होता.

चंदेरी ब्लँकेट शरीरातून बाहेर पडणारी उष्णता परतवतं एवढंच. वारा आत शिरला की त्याचा उपयोग संपतो. त्याच कापडाची पिशवी मिळते, आत शिरून बसायची. ती थोडी जड, थोडी महाग, पण वाऱ्याला दाद देत नाही. तंबूचंही तसंच. बाजारात हजार-दीड हजाराला मिळतो तो एकपदरी असतो. श्वासाची वाफ आतूनच ठिबकते आणि पाऊस न गळताही अंथरूण भिजतं. आपल्या घाटावर दुपदरीच हवा, आणि कापडाचा पाणी अडवण्याचा आकडा 3000 मिलीमीटरच्या आसपास असलेला बरा. कातळी पठारासाठी दांड्या फुलीत येणारा घुमटाकार तंबू घ्यावा. तो खुंट्यांशिवाय उभा राहतो, चार कोपऱ्यांना दगड बांधले की झालं. शिवाय खाली फोमची चटई. जमीन खालून जेवढी ऊब ओढून घेते तेवढी लोकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही सॅकवर बसलात म्हणून निभावलं. आणि डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. मोबाइलचा उजेड धरला की एक हात अडकतो, आणि तोच मोबाइल सकाळी मदत मागायला लागतो.

“आहे ते वापरा” हा सल्ला ऐकून कॉलेजची पोरं सुती जीन्स घालून, गच्चीवर एक रात्र काढून घाटात उतरतील याची मला खरी भीती वाटते.

घाटवाट

जीन्सचा मुद्दा मान्य. मूळ लेखात तो मीच घालायला हवा होता. पण घुमटाकार तंबूसुद्धा वाऱ्यात आणि अंधारात पहिल्यांदा उभा करायला घेतला तर माझ्या ताडपत्रीसारखीच गत होणार. जांभ्यात खुंटी जात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही ती ठोकून पाहिली आहे. दुकानदाराने सांगितलेलं नाही.

शिवसागरकाठ (बामणोली परिसर)

तुम्हा दोघांनाही एक विचारायचंय. सराव कुठे करणार? शेतात म्हणालात ते ठीक. पण वाचणारे तेवढ्यावर थांबत नाहीत. मी वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांबरोबर वाटाड्या म्हणून जातो. अलीकडे लोक उघड विचारतात, “आत कुठे शेकोटी करून राहता येईल का?” कारवी तोडून झोपडं बांधायचं, दगड रचून चूल मांडायची, त्याचं चित्रण करायचं.

वासोटा कोयना अभयारण्यात येतो. वनखात्याची परवानगी काढून, बोटीने शिवसागर जलाशय ओलांडून जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. मुक्कामाला बंदी आहे. कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आत गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबटे आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे, आणि राखीव जंगलातली आग 1927 च्या वन कायद्यातच गुन्हा ठरवलेली आहे. कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. फुलायच्या आत तोडली तर तिचं बी पडायचं कसं? कासच्या पठारावर तंबू ठोकणं म्हणजे तिथली फुलं तुडवणं. हे सगळं “जगण्याचं कौशल्य” या नावाखाली चालतं, म्हणून मी या प्रकाराच्या विरोधातच आहे.

आमचे म्हातारे रानात जाताना कोयता, घोंगडी आणि काठी घेत. पण त्याआधी घरात सांगून जात, कुठल्या वाटेनं जातो आणि कधी येतो. हल्लीचे पाहुणे कोयता आणतात. सांगून मात्र कुणी येत नाही. घाटवाट, तुम्ही त्या दिवशी कुणाला सांगून गेला होता का?

घाटवाट

नाही. बायकोला “साताऱ्याच्या आसपास” एवढंच बोललो होतो. तिने रात्री कुठे शोधलं असतं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. अभयारण्याबद्दलही तुमचं शंभर टक्के बरोबर. शेकोटीचा सराव करायचा तर स्वतःच्या बांधावर, पाऊस पडून गेल्यावर, शेजारी पाण्याची बादली ठेवून. मी तो केला. ओल्या लाकडाची साल काढून आतला कोरडा गाभा तासला, टायरच्या ट्यूबचा बोटभर तुकडा ठिणगीऐवजी काडीने पेटवला, तेव्हा कुठे जाळ धरला. चौथ्या खेपेला.

परिचारिका (शिराळा)

इथे अजून एका गोष्टीला कुणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते. ग्रामीण भागात काम करते, पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण सतत बघते.

ताडपत्री डोक्यावर ओढून जमिनीवर बसणं एका रात्रीपुरतं निभावलं, पण त्याची पद्धत करू नका. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वासाचा त्रास. तंबूचं आतलं जाळीचं कापड आणि पूर्ण बंद होणारी चेन ही चैनीची वस्तू नाही. या बाबतीत मी सह्यवेडा यांच्या बाजूची आहे.

आणि एका वस्तूच्या मी पूर्ण विरोधात आहे. प्रथमोपचाराच्या पेट्यांत सर्पदंशासाठी म्हणून विष ओढायचा पंप, ब्लेड आणि आवळपट्टी घालून विकतात. ती काढून टाका. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा, हातापायाला फळी बांधून तो हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका, आणि 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून आणायची गरज नाही. गेल्या पावसाळ्यात एका तरुणाला मित्रांनी पायाला दोरी इतकी आवळून आणलं होतं की दंशापेक्षा त्या दोरीनेच पाय काळानिळा पडला होता. कमरेचा पट्टा वापरायचा त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं, पट्टा नव्हता म्हणून दोरी. या सरावाचं काय करायचं, घाटवाट दादा? चुकीच्या गोष्टीचा सराव हाताला बसला की तो मोडायला फार जड जातो.

घाटवाट

ताई, माझ्या पेटीत तो पंप होता. आत्ताच काढला.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचं वाचलं. माझा आक्षेप धाग्याच्या विषयावरच आहे. रानात अडकणारे किती? पाण्यात अडकणारे किती? ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तिथे धोक्याची पातळी 45 आहे. जुलै 2021 मध्ये तुमच्याच साताऱ्यात, पाटण तालुक्यात, आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. त्या लोकांनी काही भटकंती ठरवलेली नव्हती. आपल्या दोन जिल्ह्यांत आणीबाणीचा मुक्काम बहुतेकदा गच्चीवर, शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात होतो.

2019 ला आम्ही पाच दिवस वरच्या मजल्यावर होतो. वीज गेली, पाठोपाठ मोबाइलची रेंज गेली. खाली पुरुषभर पाणी आणि प्यायला थेंब नाही. त्यात चाकू, गज, दोरी विणून केलेलं मनगटातलं कडं यांतलं काहीच लागलं नाही. लागलं काय? वडिलांच्या साखरेच्या गोळ्या, झाकणाचा डबा, सेलवर चालणारा रेडिओ, शिट्टी, सुटे पैसे आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या असत्या तर आईचं पोट बिघडलं नसतं. गढूळ पाणी आधी फडक्याने गाळायचं, मग गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, एवढंच काम. हगवण लागल्यावर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ द्यायचं, हेही शेजारच्या आशाताईंनी गच्चीवरून ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

म्हणून मला वाटतं, वाळव्यापासून मिरजेपर्यंत नदीकाठच्या प्रत्येक घरात पिशवी भरून ठेवायचा सराव व्हावा. रानाचं कौतुक मग.

सह्यवेडा

काका, पण रानातली आणि पुरातली पिशवी इतकी वेगळी कुठे आहे? बॅटरी, शिट्टी, पाण्याच्या गोळ्या, कोरडे कपडे, ताडपत्री. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. ही मदतीची खूण डोंगरातली, ती गच्चीवरूनही चालेल.

कृष्णाकाठ

शिट्ट्यांची खूण बोटीवरच्या माणसालाही माहीत हवी ना? आम्ही लाल साडी कठड्याला बांधली, ती दिसली. वेगळं आहे ते वय. डोंगरात धडधाकट लोक जातात, पुरात आजी असते, तान्हं असतं.

घाटवाट

काका, विषय तुमच्याकडे ओढला गेला याचा मला आनंदच आहे. तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. तुमची पिशवी भरलेली आहे ना? मग एकदा रात्री घरातला मेन स्विच बंद करून ती शोधा, उचला आणि वर जा.

मीही माझं करून बघितलं. त्या जूननंतर वाईजवळच्या आमच्या मळ्यात पावसातल्या तीन रात्री काढल्या. ताडपत्री अंधारात बांधायला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, तिसऱ्या वेळी बारा. आता प्रत्येक गाठ सुरगाठ, एका ओढीत सुटणारी. आजोबांची घोंगडी तोलून पाहिली: कोरडी दोन किलोच्या आत, रात्रभर भिजल्यावर पाचाच्या वर. ऊब मात्र ओलीतही देत होती. पाठीवर घेऊन चालायचं तर ती परवडत नाही, हे सह्यवेडा यांचं म्हणणं तिथे पटलं, आणि त्यानंतर मी दुपदरी तंबू घेतला. म्हणजे घेतला, पण तीन रात्रींनंतर.

शिवसागरकाठ

आणि सांगून जायचं?

घाटवाट

फ्रिजवर कागद लावतो. वाट, सोबत कोण, परतायची वेळ, आणि त्या वेळेनंतर दोन तासांनी 112 ला फोन करायचा. गेल्या रविवारी भाच्याने स्वतः लिहिला.

कृष्णाकाठ

काल रात्री मेन स्विच बंद केला. पिशवी कपाटाच्या तळाशी, पुढे शिलाई मशीन. ओढून काढायला सहा मिनिटं गेली. मग आईच्या हातात दिली. वजन नऊ किलो. ती चौथ्या पायरीवर बसली. पाण्याच्या चार बाटल्या आणि स्टोव्ह आज सकाळीच वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले, गोळ्या आणि कागदपत्रं तेवढी पिशवीत ठेवली. आता साडेतीन किलो आहे आणि दाराच्या खुंटीला लटकते. आज रात्री आई पुन्हा चढून बघणार आहे.