मीटर मोजून पुणं कळतं का?

पेठकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'विजेच्या जोडण्या डिजिटल नकाशावर टाका, पुणं कुठे वाढतंय ते आपोआप दिसेल.' आपोआप! 2017 मध्ये 11 गावं पालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या, नियोजन मागून धापा टाकत आलं. मीटर मोजून झालेला घोळ तेवढा दिसेल. शिवाय वीज फ्लॅटगणिक, पाण्याची जोडणी अख्ख्या सोसायटीला मिळून. जुळवणार कसं?

नकाशेवाला: 'कुणीतरी' म्हणजे मीच. मिळकत क्रमांकाने, म्हणजे मालमत्ता कराच्या नंबराने जुळवायचं. भोगवटापत्र, म्हणजे राहायला जायचा पालिकेचा दाखला, नसलेल्या इमारतीतही दिवे लागतातच, म्हणून परवानगीच्या फायलींपेक्षा मीटर खरं बोलतो. आणि जोडण्या नाही, युनिटं बघायची. गुंतवणुकीचे बंद फ्लॅट लगेच वेगळे पडतात.

पेठकर: वा! चोरांचीही सोय.

नकाशेवाला: गल्लीचा एकत्रित आकडा म्हणतोय मी, घराचा नाही. वाचत जा हो जरा.

उंड्रीची ताई: युनिटं राहू द्या. आमची सोसायटी टँकरवर आहे. टँकर कुठल्या नकाशात येतो? शहर कुठे वाढतंय ते टँकरवाल्यांना विचारा, सगळ्यांच्या आधी तेच पोचतात.

नकाशेवाला: टँकरला जीपीएस लावता येतं.

उंड्रीची ताई: गाडी कुठे गेली ते कळेल. अर्धी रिकामी आली ते? आम्ही टाकीत काठी घालून मोजतो, तेव्हा वाद घालता येतो. पावती मागितली की दुसऱ्या दिवशी गाडीच येत नाही.

कोथरूडकर: मग मेंटेनन्स वाढवा आणि बोअर घ्या.

उंड्रीची ताई: बोअर आटलंय! कोथरूडात बसून सल्ले सोपे आहेत.

जेसीबीवाला: भांडा. मी खोदकामातला माणूस. 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आलं, खोदण्याआधी केबल-पाइपवाल्यांना कळवायचं. चांगलंय. पण आम्हाला मिळणाऱ्या नकाशात रेघ असते, खोली नसते, आणि वर डांबराचे थर चढतच असतात. एकदा फुटपाथखाली दाखवलेली लाइन रस्त्याच्या मधोमध लागली, बकेटलाच. मग पाणी सोडणाऱ्या चावीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी पाय आपटून व्हॉल्व्हची जागा दाखवली.

नकाशेवाला: काका निवृत्त व्हायच्या आत तेच नकाशात घाला, एवढंच म्हणतोय मी.

पेठकर: बरं, काका मान्य. पण ज्या घराची करआकारणीच झालेली नाही, त्याला मिळकत क्रमांक कुठून आणणार?

नकाशेवाला: उलटं करा. मीटर आहे पण मिळकत क्रमांक नाही, ती यादी काढा. कर न लागलेली घरं तीच.

पेठकर: हे काल लिहिलं असतंत तर माझा अर्धा तास वाचला असता.

उंड्रीची ताई: म्हणजे आधी कर येणार. पाणी?