अॅसिटिक अॅसिडच्या गणितात उत्तर ७ कसं येईल भो?

मिश्रणाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७ म्हणजे न्यूट्रल, वर म्हणजे बेसिक) काढायचा प्रश्न होता. त्यावर वरती कोणीतरी लिहिलंय की ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) अॅसिटिक अॅसिड ५० मिली आणि ०.१ मोलर एनएओएच (सोडियम हायड्रॉक्साइड, स्ट्राँग बेस) ५० मिली मिसळलं की अॅसिड सगळं संपतं म्हणजे पीएच ७. अरे भो, अॅसिड संपतं हे बरोबर, पण मागे सोडियम अॅसिटेट उरतं ना, त्याचं काय? वीक अॅसिडचं आणि स्ट्राँग बेसचं सॉल्ट, पाण्यात हायड्रोलिसिस (पाण्याशी रिअॅक्शन) होऊन ओएच मायनस बनवणारच, म्हणजे पाणी बेसिक. आता व्हॉल्युम १०० झालं, ५ मिलीमोल सॉल्ट, म्हणजे ०.०५ मोलर (इथेच अर्धी पोरं ०.१ ठेवतात, मी पण ठेवलं होतं टेस्टला, गेले मार्क). पीएच = ७ + अर्धा गुणिले (पीकेए + लॉग सी), पीकेए (अॅसिड किती वीक त्याचा आकडा) अॅसिटिकचा ४.७४, सी म्हणजे सॉल्टचं काँसन्ट्रेशन, लॉग ०.०५ म्हणजे -१.३०, तर अर्धा गुणिले ३.४४ = १.७२, उत्तर ८.७२.

एनएओएच २५ मिलीच दिलं असतं तर अर्धं अॅसिड उरलं असतं आणि अर्ध्याचं सॉल्ट, म्हणजे बफर (वीक अॅसिड आणि त्याचं सॉल्ट एकत्र), दोन्ही सारखे म्हणून पीएच सरळ पीकेए एवढा, ४.७४, कॅल्क्युलेटर पण नको.

पाठ करून लक्षात राहत नसेल तर उन्हाळ्यात आईसोबत उडदाचे पापड करायला बसा, आमच्या जळगावला तर गच्चीगच्चीवर हेच चालू असतं. पापडखाराचं पाणी हळदीच्या हाताला लागलं की हात लाल होतो, तो खार पण असंच सॉल्ट, सोडियम कार्बोनेट, आणि हळद इंडिकेटर, बेस लागला की लाल होते. मला तर हायड्रोलिसिस तिथंच समजलं, क्लासला नाही.