सुट्टीची तयारी: सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

दिवाळी आटोपली की साताऱ्यात घरोघरी उन्हाळ्याच्या सुट्टीची बोलणी सुरू होतात, आणि ती बहुधा ‘कुठे जायचे’ या प्रश्नापाशीच अडून राहतात. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. बरोबर कोण येणार हे आधी ठरावे, मागे घराकडे, गोठ्याकडे आणि आजारी माणसाकडे कोण पाहणार हे त्यानंतर ठरावे, आणि मग ठिकाणाचा विचार करावा. याच विचाराने सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील काही परिचितांना मी लिहिण्याची विनंती केली. प्रवासवर्णन नको, फक्त तयारीविषयी लिहावे, एवढीच अट होती. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांचे मनापासून आभार. आणखी कोणाला भर घालायची असल्यास या धाग्यात स्वागत आहे.

द्राक्षबागायतदार, पलूस तालुका

आमच्या सुट्टीचा महिना बाग ठरवते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर ढगाळ हवा आणि धुके पडले की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने रोज सकाळी पाने उलटून पाहावी लागतात, जानेवारीपासून मार्चपर्यंत माल उतरवायचा असतो, दर पडलेले असतील तर तोच माल बेदाण्याच्या शेडवर न्यायचा असतो, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की विरळणी, सबकेन (उपकाडी) तयार करणे, शेंडा मारणे अशी कामे एकापाठोपाठ एक येत राहतात. मुलांच्या शाळेची सुट्टी नेमकी याच दिवसांत असल्यामुळे मे महिन्यात सहकुटुंब बाहेर पडणे आम्हाला कधीच जमत नाही. काडी पिकू लागली की, साधारण ऑगस्टच्या सुमारास, थोडी उसंत मिळते. स्वातंत्र्यदिनाला जोडून येणारा शनिवार-रविवार आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.

ऑगस्टमध्ये पश्चिमेला, म्हणजे महाबळेश्वराकडे किंवा कोकणात, पावसाने घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. आम्ही म्हणून पूर्वेची वाट धरतो. जमखंडी, बागलकोट मार्गे बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल हा भाग पर्जन्यछायेचा आहे. तेथील तांबडा वालुकाश्म उन्हाळ्यात तापतो, पण श्रावणात हवा सुखाची असते आणि तलावाला पाणीही असते. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे आणि पट्टदकलची मंदिरे १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. निघण्यापूर्वीचे काही दिवस रात्रीच्या जेवणानंतर मुलांना चालुक्यांचा इतिहास सांगायचा, हाही आमच्या तयारीचाच भाग आहे. पुलकेशी कोण हे ठाऊक असलेले मूल लेण्यापुढे थांबते आणि स्वतःहून प्रश्न विचारते.

खरी तयारी मात्र गोठ्याची असते. संकरित गाय परक्या हाताला सहजासहजी पान्हा सोडत नाही आणि दूध अंगावर राहिले तर कास सुजण्याची भीती असते. त्यामुळे आमच्या मागे जो धार काढणार आहे त्याला आठवडाभर आधीपासून दोन्ही वेळा गोठ्यात बोलावतो. पहिले काही दिवस तो शेजारी बसतो, मग धार तो काढतो आणि मी शेजारी उभा राहतो. गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतो: कोणत्या गाईला पेंड किती, कोणती आटवली आहे, कोणती गाभण आहे, वैरण कोणत्या बांधावरून आणायची आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक. फोनवर सांगितलेले विसरते, भिंतीवरचे राहते. बागेत बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी करूनच निघतो आणि भावकीतल्या एकाला रोज बागेतून फेरी मारायला सांगतो. त्याची बाग आम्ही पुढच्या खेपेला सांभाळतो. मोबदला ठरवून घेतलेला नाही, पण शब्द मात्र दोघांनी पाळलेला आहे.

गलाई व्यावसायिकाची पत्नी, मूळ गाव खानापूर तालुका, सध्या सेलम

आमच्यासाठी सुट्टी म्हणजे गावी येणे. विटा, खानापूर, आटपाडी या भागातील कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर विखुरलेली आहेत आणि यात्रा किंवा लग्नसराई आली की सगळ्यांना एकाच आठवड्यात घरी पोहोचायचे असते. यात्रा तिथीने येते, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. खरसुंडीच्या सिद्धनाथाची चैत्री यात्रा कधी आहे हे आम्ही नवे पंचांग हातात पडताच पाहून घेतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. हा बदल आम्हाला सोयीचा वाटतो, कारण चार महिने आधी दुकान कोण सांभाळणार हे कोणालाच ठामपणे सांगता येत नसे. ६० दिवसांचा हिशेब करताना प्रवासाचा दिवस धरायचा नसतो, आणि गाडी मधल्या स्थानकावर दुसऱ्या दिवशी येत असेल तर ती जिथून सुटते त्या दिवसापासून मोजायचे असते. आरक्षण सकाळी ८ वाजता उघडते, तेव्हा प्रवाशांची नावे आणि वये आधीच भरून ठेवलेली असली पाहिजेत. सासूबाईंच्या तिकिटाला आता सवलत नाही, ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे खर्चाचा अंदाज पूर्ण भाड्याने करावा. मिरजेला उतरल्यानंतर मात्र एसटीत महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे. त्यासाठी आधार कार्ड हाताशी ठेवावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. आमची मुले तमिळ शाळेत शिकतात. गावी गेल्यावर चुलत भावंडांत ती पहिले दोन-तीन दिवस गप्प बसत, हे मला सलत असे. त्यामुळे मार्च उजाडला की घरात दुपारच्या जेवणाला फक्त मराठीत बोलायचे असा नियम करतो आणि दर रविवारी आजीला व्हिडिओ कॉल करून गावातल्या नातेवाइकांची नावे, नाती आणि हाका मुलांकडून वदवून घेतो. चुलते कोणाला म्हणायचे आणि मामा कोणाला, हे कळलेले मूल गाडीतून उतरताच अंगणात मिसळते. कपड्यांची बॅग आदल्या रात्री भरली तरी चालते, ही तयारी मात्र महिनाभर आधी सुरू व्हावी लागते.

निवृत्त मुख्याध्यापिका, सांगली

मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे जाण्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांविषयी मी सविस्तर लिहिते, कारण आमच्या पिढीतील अनेक जण याच धास्तीने जाणे पुढे ढकलत राहतात. शेंगेन देशांच्या, म्हणजे जर्मनीसह एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि किमान १५ दिवस आधी तो दिलेला असावा लागतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणेच कठीण होते, तेव्हा शेवटच्या महिन्याचा भरवसा धरू नये. पारपत्र दहा वर्षांच्या आत काढलेले आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असावे. प्रवास विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे असणे बंधनकारक आहे. हा विमा निव्वळ कागदाची पूर्तता समजून घेऊ नये, आधीपासूनच्या आजाराविषयी त्यात काय लिहिले आहे ते भिंग घेऊन वाचावे. माझ्या वयाच्या बायकांची आणखी एक अडचण असते: शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि बँकेत तिसरेच काही. ही नावे जुळवून घेण्यास वेळ लागतो, म्हणून व्हिसाचा विचार करण्याच्या कितीतरी आधी हे काम उरकावे.

औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून छापील आणि औषधाच्या मूळ नावासह घ्यावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथे कोणी ओळखत नाही. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. विमानाच्या पोटात दिलेल्या सामानात ते गोठून निकामी होऊ शकते. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत ठेवावी लागते. खाऊच्या बाबतीत आपला माणूस हळवा असतो, आणि सांगलीकर साताऱ्याहून खास कंदी पेढे मागवतो. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, खवा आणि तूप घरीच ठेवावे. आम्ही भडंगाचे कच्चे साहित्य नेतो: चुरमुरे, शेंगदाणे आणि घरचा लसणीचा मसाला. मुलीच्या स्वयंपाकघरात ताजी फोडणी पडली की तिच्या शेजारणीही दारातून डोकावतात.

मागे राहणाऱ्या घरासाठी गॅसचा कॉक, नळाची मुख्य तोटी, विजेचे बिल, आणि कृष्णाकाठी राहणाऱ्यांसाठी पावसाळा, यांचा विचार आधी करावा. २०१९ च्या ऑगस्टमधील पूर पाहिलेले कोणीही जुलै-ऑगस्टमध्ये तळमजल्याचे घर कुलूप लावून निर्धास्त जाणार नाही. दस्तऐवज, दागिने आणि गाद्या वरच्या मजल्यावर हलवून, किल्ली ज्याला खरोखर घरात शिरून सामान उचलता येईल अशाच माणसाकडे द्यावी.

बँक कर्मचारी, कराड

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे आमच्या सहलीची आखणी पायऱ्यांवरून होते. कराडहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तेथून गुहागर, हा रस्ता आम्ही ठरवला, कारण गुहागरला गावापासून समुद्र अगदी जवळ आहे. खोली ठरवताना मी फोनवर विचारलेले प्रश्न असे होते: खोली तळमजल्यावर आहे का, दारापर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, त्याच्याजवळ धरायला दांडी आहे का, पलंग किती उंच आहे. ‘सगळी सोय आहे’ या उत्तरावर थांबू नये, न्हाणीघराचे छायाचित्र मागवावे. कोयनानगरला गाडी थांबवून आईला थोडे चालवले. सोबत एक हलकी प्लास्टिकची खुर्ची घेतली होती. ती भरतीच्या रेषेपाशी ओल्या वाळूवर ठेवली आणि आईने पायावर पाणी घेत संध्याकाळ काढली. तिला उठवायला दोघांनी दोन्ही बाजूंनी हात दिला.

(धागाकर्त्याची भर: एसटीने फिरणाऱ्यांनी ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासचाही विचार करावा. तो चार किंवा सात दिवसांचा मिळतो. एका ठिकाणी राहण्यापेक्षा तीर्थक्षेत्रे फिरत जाणाऱ्या धडधाकट मंडळींना तो विशेष उपयोगी आहे.)

शासकीय कर्मचारी, फलटण

माझी अर्जित रजा आषाढीच्या वारीसाठी राखलेली असते. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते, आणि मी लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालतो. सोहळ्याचे वेळापत्रक जाहीर होताच रजेचा अर्ज द्यावा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने आषाढी एकादशी जुलैच्या अखेरीस येते, तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखांवर विसंबून राहू नये. दिंडीची भिशी (खर्चाची वर्गणी) आधी भरली की जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक यांची चिंता उरत नाही. पिशवीवर स्वतःचे नाव आणि दिंडी क्रमांक रंगाने लिहावा.

चालण्याचा सराव वैशाखातच सुरू करतो, रोज पहाटे, आणि जी चप्पल वारीला न्यायची तीच घालून. नवी कोरी चप्पल घेऊन निघालेल्या माणसाला तरडगावच्या आतच फोड येतात. सुती पंचा, खोबरेल तेल, मीठ-साखरेच्या पुड्या, अंगावर घ्यायला प्लास्टिकचा कागद, टाळ आणि हरिपाठाची वही यांपलीकडे ओझे नसावे. लोणंद-तरडगाव वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते, त्या दिवशी गर्दीत फोन लागत नाही. घरच्यांना ‘रोज रात्री मुक्कामावरूनच फोन करीन’ असे आधीच सांगून ठेवावे.

घरगुती निवासाची सोय करणाऱ्या भगिनी, कास परिसर

पाहुण्यांनी काय तयारी करून यावे हे यजमानाच्या बाजूने लिहिते. कास पठारावरची फुले साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात, पण कोणत्या आठवड्यात कोणता रंग चढेल हे पाऊस ठरवतो. तेरड्याचा गुलाबी गालिचा आणि सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके एकाच दिवशी मिळतीलच असे नाही. टोपली कारवी तर सात वर्षांनी फुलते. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका बुटाखाली दबलेली झाडे त्या हंगामात पुन्हा उभी राहत नाहीत. पश्चिम घाटाबरोबर पठाराचे नाव २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गर्दी फार वाढली आहे. प्रवेशाची नोंदणी आधी करावी, शनिवार-रविवार टाळावा, आणि फुले बसून पाहायची असतात हे मुलांना घरीच समजावून आणावे. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे; तो दाखवला की मुलांना फार आनंद होतो. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट आणावा आणि मोज्यांचे जादा जोड घ्यावेत.

वासोट्याला जाणाऱ्यांनी बामणोलीहून बोट आणि वन खात्याची परवानगी यांना सकाळचा बराच वेळ धरावा. किल्ला पावसाळ्यात बंद असतो आणि जंगलात मुक्काम करता येत नाही, त्यामुळे रात्रीची सोय जलाशयाच्या काठावरच्या गावांत आधी पाहून ठेवावी. आमच्याकडे येणाऱ्यांनी नाचणीची भाकरी हवी की ज्वारीची, आणि जेवायला माणसे किती, हे आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे, कारण भाजी आणि किराणा आणायला आम्हाला साताऱ्याला उतरावे लागते आणि संध्याकाळनंतर घाटात धुके असते.