‘मिस कॉल देणे’ आणि ‘मिस कॉल पडणे’

प्रश्न : एका अनुवादात ‘त्याने मिस कॉल दिला’ असे वाक्य मी लिहिले होते. तेथे ‘चुकलेला कॉल’ असा शब्द वापरावा, अशी सूचना आली आहे. मुद्दाम केलेल्या कॉलला चुकलेला कसे म्हणावे? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. इंग्रजीत हा शब्द फोन घेणाऱ्याच्या बाजूचा आहे, कारण कॉल त्याच्याकडून हुकतो. मराठीने मात्र क्रियापद बदलून दोन अर्थ स्वच्छ वेगळे केले आहेत. ‘तीन मिस कॉल पडले होते’ यात कुणाचाच हेतू नाही. ‘पोहोचल्यावर मिस कॉल दे’ यात तो पूर्णपणे आहे. हाक देणे, आवाज देणे, इशारा देणे यांच्याच पंक्तीत हे ‘देणे’ बसते आणि म्हणून ते मला अस्सल मराठी वाटते.

या प्रयोगामागे पैशाचा हिशेब होता. आपल्याकडे पूर्वी आलेल्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ पासून कॉल करणाऱ्यानेच पैसे द्यावेत, अशी पद्धत आली आणि ज्याच्या फोनमध्ये जेमतेम दोन-तीन रुपये उरले आहेत, त्यालाही मिस कॉल देऊन समोरच्याच्या खर्चाने बोलता येऊ लागले.

हीच गरज इतरत्रही होती, पण तिची नावे निराळी पडली. नायजेरिया आणि घाना येथे ‘फ्लॅशिंग’ म्हणतात, तर युगांडा आणि रवांडा येथे ‘बीपिंग’. जोनाथन डोनर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बीपिंगचे अलिखित नियम नोंदले आहेत : ज्याच्याकडे अधिक पैसा त्याने उलट कॉल करावा, आणि जिचे मन जिंकायचे आहे तिला तरुणाने बीप करू नये. इटलीत मात्र तरुण मुले एकमेकांना ‘स्क्विल्लो’ देत, तो अनेकदा केवळ ‘तुझी आठवण आली’ एवढे सांगण्यासाठी. तंत्र एकच असले तरी एका ठिकाणी त्यातून ऐपत कळते, दुसऱ्या ठिकाणी माया. म्हणूनच एका भाषेतील शब्द दुसरीत जसाच्या तसा उतरवता येत नाही.

पुरवणी : बंगळुरूच्या झिपडायल या कंपनीने मिस कॉलवरच व्यवसाय उभा केला आणि जानेवारी २०१५ मध्ये ती ट्विटरने विकत घेतली. ‘अमुक क्रमांकावर मिस कॉल द्या’ हे जाहिरातींतले वाक्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथे ‘चुकलेला कॉल द्या’ असे लिहून पाहावे, म्हणजे अडचण लगेच लक्षात येईल. आपल्या वाक्यात ‘मिस कॉल दिला’ हेच ठेवावे. फारच खटकत असेल, तर ‘एक रिंग दिली’ हा प्रयोगही बोलण्यात रुळलेला आहे. ‘चुकलेला कॉल’ हा शब्द ‘पडणे’ या अर्थापुरता राखावा.