ऑफिसात नेट चालतं, घरी त्याच लॅपटॉपवर नाही

घोडबंदरकर: विंडोज ११. ऐरोलीला ऑफिसात वायफाय नीट, ठाण्यात घरी कनेक्टेड दिसतं पण नेट नाही. मोबाइल चालतोय. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कुठे बघायचा?

खाडीपलीकडचा: विंडोज+आर, सीएमडी, मग 'आयपीकॉन्फिग /ऑल'. वायफाय अडॅप्टर (लॅपटॉपमधला वायफायचा भाग) या नावाखाली बघा. आयपी १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. 'डीएचसीपी एनेबल्ड' (राउटरकडून आपोआप पत्ता घेणं चालू आहे का) यासमोर 'नो' असेल तर कुणीतरी हाताने भरलाय.

घोडबंदरकर: 'नो'च आहे. १०.०.५.४०. मोबाइलवर १९२.१६८.१ वाला.

खाडीपलीकडचा: सापडलं! ऑफिसचा आयपी अडॅप्टरवरच भरलाय, म्हणून तो प्रत्येक वायफायला लागतो. घरच्या राउटरची पत्त्यांची रेंज वेगळी, गेटवे (नेटकडे जाणारा दरवाजा, म्हणजे राउटर) सापडणार कुठून? विंडोज+आर, 'एनसीपीए.सीपीएल', वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४. आयपी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) दोन्ही 'ऑटोमॅटिकली'वर करा. डीएनएस बदलायचं हमखास राहतं. मग कनेक्शन होतं, पण साइट उघडत नाही. तुमचं अकाउंट अ‍ॅडमिन नसेल तर अ‍ॅडमिन पासवर्ड लागेल.

सेक्टर१७: आधी जुन्या आकड्यांचा फोटो काढा. ऑफिसात डीएचसीपी नसेल तर तेच आकडे 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये टाका. राउटरने पत्ता दिला नाही तरच ते वापरले जातात, रोज बदलाबदली नको. ऑटोमॅटिक केल्याशिवाय तो टॅब दिसत नाही.